एप्रिलमध्ये निपाणीहून बेळगावच्या बाजाराला गावठी कोंबड्या नेताना तीन-चार वाटेतच मरतात. काय चुकतंय?

बहुतेक वेळा गाडी थांबते तिथेच चुकतं. कोंबडीला घाम येत नाही, मुख्यतः चोच उघडून धापा टाकून ती अंग थंड करते. टेम्पो पळतो तोवर वारा लागतो. चहाला थांबलात की मधल्या क्रेटमध्ये वाफ कोंडते, आणि तिथल्याच आधी जातात. पहाटे 4 ला भरा, मध्ये थांबू नका. क्रेटच्या रांगांत 4 बोटं फट हवी. ताडपत्री फक्त वरून, बाजूंनी नको. दाणे 6 तास आधी बंद करा, पाणी मात्र भरेपर्यंत द्या. उचलताना पंख अंगाशी दाबून धरा, पाय धरून लोंबकळवू नका, बिचारी तिथेच अर्धी होते.

एखादीची मान वाकडी, विष्ठा हिरवी पातळ दिसली तर मानमोडीची (राणीखेत या साथीच्या रोगाची) शंका धरा. मग एकही पक्षी हलवायचा नाही, आधी पशुवैद्यकांना दाखवा.