पहिल्या स्तोत्रातील ‘मनन’: मनातले की ओठांवरचे?

प्रश्न असा आहे: बायबलमधील स्तोत्रसंहितेच्या पहिल्याच स्तोत्रात धन्य पुरुष परमेश्वराच्या नियमशास्त्राचे ‘रात्रंदिवस मनन करतो’ असे म्हटले आहे, तर हे मनन म्हणजे निव्वळ मनातल्या मनात केलेले चिंतन समजायचे का, आणि तसे असेल तर स्तोत्रे मोठ्याने म्हणण्याला आधार काय?

‘मनन’ हा शब्द ‘मन्’ म्हणजे विचार करणे या धातूपासून आला आहे. शिवाय बृहदारण्यक उपनिषदातील ‘श्रोतव्यो मन्तव्यो निदिध्यासितव्यः’ या वचनामुळे श्रवण, मनन आणि निदिध्यासन असा क्रम आपल्याकडे रूढ झाला असल्याने, ऐकून झाल्यावर मिटल्या तोंडाने करायचा विचार हाच अर्थ मराठी वाचकाला प्रथम सुचतो. मूळ हिब्रूत मात्र येथे ‘येहगे’ हे क्रियापद आहे आणि ते आधी आवाजाचे आहे, विचाराचे नंतर. बायबलमधील यशया संदेष्ट्याच्या ग्रंथाच्या 31व्या अध्यायात सिंह आपल्या शिकारीवर गुरगुरतो तेथे हेच क्रियापद येते, आणि 38व्या अध्यायात आजारातून उठलेला हिज्कीया राजा आपण पारव्यासारखे घुमत होतो असे सांगतो तेथेही हेच. मोशेनंतर इस्राएलचा पुढारी झालेल्या यहोशवाला दिलेली आज्ञा (यहोशवाचा ग्रंथ 1:8) तर शंकेला जागाच ठेवत नाही. नियमशास्त्राचा ग्रंथ तुझ्या मुखातून दूर होऊ नये असे बजावून लगेच त्याच क्रियापदाने ‘रात्रंदिवस’ काय करायचे ते सांगितले आहे.

जाता जाता एक गंमत नोंदवावीशी वाटते. दुसऱ्या स्तोत्राच्या पहिल्याच ओळीत राष्ट्रे जी व्यर्थ कारस्थाने करतात, तेथेही हिब्रूत हेच क्रियापद बहुवचनात (‘येहगू’) आहे. एक माणूस नियमशास्त्र पुटपुटतो आहे आणि शेजारच्या स्तोत्रात राजे कटाची कुजबुज करीत आहेत, हा विरोध मराठीत उतरत नाही, कारण कारस्थानाला ‘मनन’ म्हणता येत नाही.

मग मराठीत दुसरा शब्द आहे का? ‘घोकणे’ला परीक्षेचा वास येतो, ‘गुणगुणणे’ फारच हलके आहे, आणि ‘पुटपुटणे’ म्हटले की कुरकूर आठवते. अर्थाने सर्वांत जवळ येतो तो ‘जप’, त्यातही वाचिक, उपांशु आणि मानस या तीन प्रकारांपैकी उपांशु, म्हणजे ओठ हलतात पण शेजाऱ्याला शब्द कळत नाहीत असा. तिन्हीसांजेला देवापुढे बसलेल्या आजीचे ओठ हलताना ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना ‘येहगे’चा अर्थ कोशात पाहावा लागणार नाही. तरीही जपात एकच नाम वा मंत्र पुन्हा पुन्हा येतो आणि येथे अख्खा ग्रंथ आहे, म्हणून अनुवादात ‘जप’ घालावा असे मी म्हणणार नाही. ‘मनन’ राहू द्यावे. फक्त वाचताना त्याला आवाज आहे हे ध्यानात ठेवावे. आपल्या बोलीने ते एरवी ठेवलेच आहे, कारण रामरक्षा आपण ‘वाचत’ नाही, ‘म्हणतो’. ख्रिस्ती मठांतही स्तोत्रे म्हणण्याचीच रीत पडली. सहाव्या शतकातील संत बेनेडिक्ट यांच्या नियमावलीत सर्व 150 स्तोत्रे दर आठवड्याला म्हणून पूर्ण करावीत असे सांगितले आहे.

ज्यांना ‘मनन’च्या मानसिक अर्थाचाच आग्रह धरायचा असेल त्यांना 19व्या स्तोत्राचा शेवट उपयोगी पडेल. तेथे ‘माझ्या तोंडचे शब्द’ आणि ‘माझ्या हृदयाचे चिंतन’ अशी जोडी आहे, आणि त्यातील चिंतनासाठी आलेले ‘हेग्योन’ हे याच धातूचे नाम आहे. पण तेच नाम 92व्या स्तोत्रात वीणेच्या झंकारासाठी वापरले आहे.