पाणी कधी गेलं, ते खरं सांगा

ताई, तुमच्या बहिणीचं पाणी (बाळाभोवतीचं, पिशवीतलं) बाळंतपणाच्या आदल्या रात्रीच गेलं होतं, दवाखान्यात अँटिबायोटिक सुरू झालं, आणि आता सासूबाई म्हणतात, ताप नाही तर औषध कशाला, दुधातून बाळाला जाईल. मनाने बंद करू नका, दुधाची शंका डॉक्टरांनाच विचारा. मी डॉक्टर नाही, सिडकोत राहणारी दोन मुलांची आई आहे. पण हे मी भोगलंय.

माझं पाणी रात्री १० ला गेलं. कळा नव्हत्या, म्हणून सकाळपर्यंत घरीच. काउंटरवर वेळ विचारली तेव्हा ओरडतील म्हणून मी "पहाटे ५" असं ठोकून दिलं. फाइलवर तेच चढलं. बाळ संध्याकाळी ६ ला. खरे २० तास, कागदावर १३. पाणी गेल्यावर जितका वेळ जातो तितके जंतू वर चढायला वाव. खरी वेळ कळली असती तर अँटिबायोटिकचं इंजेक्शन आधीच दिलं असतं, असं डॉक्टर नंतर म्हणाले.

चौथ्या दिवशी हुडहुडी भरून ताप, १०२. अंगावरून जाणाऱ्याला घाण वास. दवाखान्यात फोन केला (नाव विचारू नका), तर उचलणाऱ्या बाईंनी डॉक्टरांना न विचारताच सांगून टाकलं, "दूध भरलंय, क्रोसिन घ्या, सोमवारी ओपीडीला या." तो शुक्रवार होता! क्रोसिनने ताप उतरायचा आणि आम्ही खूश. रविवारी मी बरळायला लागले. आई म्हणाली, बाळंतीण वातावर गेली. रात्री दुसरीकडे नेलं, पाच दिवस शिरेतून अँटिबायोटिक. त्या बाईंचा राग अजून जात नाही.

बाकी, कळा सुरू असताना तोंडाने एकदाच २ ग्रॅम अॅझिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक देऊन ७ देशांत २९,००० हून जास्त बायकांवर अभ्यास झाला, त्यात आपलं नागपूर आणि बेळगावही होतं. २०२३ मध्ये निकाल आला: आईला सेप्सिस (जंतुसंसर्ग अंगभर भिनून जिवावर बेतणं) किंवा मृत्यू २.४ वरून १.६ टक्क्यांवर. बाळांना मात्र फरक पडला नाही. म्हणून मेडिकलमधून स्वतः आणून घेऊ नका हं, ते डॉक्टरांनीच ठरवायचं. सिझर असेल तर चीर देण्याआधीच इंजेक्शन देतात, तेवढं विचारून ठेवा.

आणि थर्मामीटर घ्या, कपाळाला हात लावून कळत नाही. १००.४ च्या वर गेला की फोनवर समाधान मानू नका, थेट जा. गाडी नसेल तर १०८.

धाकट्याच्या वेळी नवऱ्याने कॅलेंडरवरच लिहिलं होतं, "पाणी ११:४०". काउंटरवर मी तेच पान फाडून दिलं.