खुर्चीत बसल्या बसल्या उड्या

मागच्या अंकात ‘ट्रोव्हर सेव्ह्ज द युनिव्हर्स’ या व्हीआर, म्हणजे डोळ्यांवर हेडसेट लावून जणू त्या जगातच बसून खेळायच्या, गेमबद्दल दोन-चार ओळी काय लिहिल्या, तर मेसेजचा असा लोंढा आला की या वेळचं सगळं सदर त्यालाच द्यावं लागलं. ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन सांगतो. गेम २०१९चा, स्क्वांच गेम्स या स्टुडिओचा, ‘रिक अँड मॉर्टी’ कार्टूनचा सहनिर्माता जस्टिन रॉयलंड त्यामागे. ग्लॉर्कन नावाच्या एका माथेफिरूनं तुमचे दोन कुत्रे पळवून स्वतःच्या डोळ्यांच्या खोबणीत बसवलेत, आणि तुम्ही आहात खुर्चीवरून न उठणाऱ्या जमातीतले, म्हणून तुमच्या वतीनं धावायला, उड्या मारायला अन् मारामारी करायला ट्रोव्हर नावाचा जांभळा प्राणी आहे. तो तुमच्या कंट्रोलरवर चालतो आणि त्याबद्दल सतत कुरकुर करतो. आता प्रश्न.

“रूमवर या गेमवरून रोज भांडण होऊन राहिलं. एक म्हणते इतका कधी हसलो नाही, दुसरा म्हणते काय बे हा गेम, नुसती बडबड, उड्या तर पोट्ट्यांच्या गेमसारख्या सोप्या. स्टीमवर, म्हणजे गेम विकणाऱ्या साइटवर, रिव्ह्यू वाचले तर तिथंही हेच. पैसे टाकायचे का नाही तेवढं सांगा.”
– एक इंजिनीअरिंगवाला, प्रतापनगर

दोघंही खरंच बोलून राहिले ना भाऊ, फक्त दोघं वेगवेगळा गेम खेळून राहिले.

तुमचा दुसरा दोस्त उड्यांसाठी आला. त्याच्या नजरेनं पाहिलं तर या गेममध्ये डबल जंप आहे, लोळण घेणं आहे, तलवार आहे, आणि त्यापलीकडे फार काही नाही, शत्रू तेच तेच येतात, उडी चुकली तरी फारसं बिघडत नाही. ज्याला अवघड लेव्हल पार करून हात सुन्न करून घ्यायची हौस आहे त्याला अर्ध्यातच जांभया येतील, आणि त्यात त्याची काही चूक नाही, उड्यांच्या बाबतीत गेम मध्यमच आहे असं माझंही मत.

पण यातला विनोद उड्यांत नाहीच, तो थांबण्यात आहे. समोरचं पात्र बोलत असलं तरी बऱ्याचदा पुढं पळता येतं, आणि उड्यांसाठी आलेला माणूस नेमकं तेच करतो. पहिला दोस्त बहुतेक तिथंच बसून राहत असेल. तुम्ही हललाच नाहीत तर ते पात्र बोलतच राहतं, मग अडखळतं, मग विषय सोडून भलतीकडे जातं, मग तुम्ही अजून इथंच का म्हणून तुमच्यावरच घसरतं. बरंचसं बोलणं लिहून घोकलेलं वाटतच नाही, माईकसमोर सुचेल तसं बोलल्यासारखं आहे, त्यामुळे काही जोक फुसके निघतात अन् काही असे लागतात की पोट दुखतं. पळणाऱ्याला यातलं काहीच ऐकू येत नाही, त्याच्या वाट्याला येतात फक्त त्या मध्यम उड्या.

आता यात हेडसेट कुठं येतो ते बघा. हा गेम साध्या स्क्रीनवरही चालतो. टीव्हीवर एखादं पात्र बडबडायला लागलं की आपण मोबाईल काढतो, पाणी प्यायला उठतो. हेडसेटमध्ये ते पात्र हातभर अंतरावर येऊन थेट तुमच्या डोळ्यांत बघतं, हो का नाही असं विचारतं, आणि तुम्ही खरोखरची मान हलवून उत्तर द्यायचं असतं. खोलीत एकटंच बसून, डोळ्यांवर डबा लावून, एका विचित्र प्राण्याला मान डोलावून हो म्हणणारा माणूस बाहेरून कसा दिसतो ते तुमच्या रूमवाल्यांनी पाहिलंच असेल! सांगायचं हे की व्हीआरमध्ये तटस्थ राहता येत नाही. जोक आवडला तर दुप्पट आवडतो, नाही आवडला तर तो डोळ्यांसमोरून हटत नाही. म्हणून या गेमबद्दलची मतं इतकी टोकाची असतात, मधली मतं फारशी सापडतच नाहीत.

तेव्हा रिव्ह्यू वाचताना अंगठा वर का खाली ते नंतर बघा. लिहिणाऱ्याची तक्रार कशाबद्दल आहे ते आधी बघा, हेडसेट लावून खेळला का तसाच ते बघा, आणि स्टीमवर नावाखाली किती तास खेळला ते लिहिलेलं असतं तेही बघा. ‘लढाई कंटाळवाणी’ असं कोणी लिहिलं असेल तर त्याचं बरोबर आहे पण तुम्हाला त्यानं फरक पडेलच असं नाही. ‘हे लोक गप्पच बसत नाहीत’ असं लिहिलं असेल आणि वाचून तुम्हाला बरं वाटलं तर खुशाल घ्या. स्टीमवर १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळून परत केला तर पैसे मिळतात, तेवढ्यात हसू आलं नाही तर पुढंही येणार नाही.

“मुलगा बारा वर्षांचा आहे, चुलतभावाकडे हा गेम बघून आला आणि आता हट्ट धरून बसलाय. कार्टूनच तर आहे म्हणतो. द्यावा का?”
– एक आई, मनीषनगर

नाही ताई. दिसायला कार्टून आहे, बोलायला नाही. अमेरिकेत याला १७ वर्षांपुढचं रेटिंग आहे आणि ते उगाच नाही, शिव्या तर आहेतच, शिवाय रक्त अन् चावट विनोद ठासून भरलेत. आणखी एक गोष्ट, हेडसेटमध्ये काय चाललंय ते शेजारी बसलेल्याला दिसत नाही, म्हणून मुलगा काहीही खेळत असला तरी तेच चित्र टीव्हीवर किंवा मोबाईलवर दिसेल असं कास्ट करून ठेवायला लावा.

आता नुसतं नाही म्हणून तो ऐकणार नाही, तर बदल्यात काहीतरी द्यावं लागेल. घरात कोणाकडे जुना प्लेस्टेशन व्हीआर हेडसेट असेल तर ‘ॲस्ट्रो बॉट रेस्क्यू मिशन’ द्या. २०१८चा गेम आहे आणि हसवण्यासाठी त्याला एका शब्दाची गरज पडत नाही. छोटा रोबो धावत असतो, तुम्ही त्याच्यामागचा मोठा रोबो असता, कधी डोक्यानं भिंत फोडता, कधी एखादा शत्रू तुमच्याच काचेवर चिकट काहीतरी थुंकतो. प्रत्येक लेव्हलमध्ये आठ हरवलेले रोबो लपलेले असतात, ते शोधायला मान वाकडी करून कोपऱ्याच्या पलीकडे खरंच डोकवावं लागतं. उड्यांच्या बाबतीत तर हा गेम ट्रोव्हरच्या कितीतरी पुढं आहे, वर त्या प्रतापनगरवाल्याच्या दुसऱ्या दोस्तानंही हाच घ्यावा. अडचण एवढीच की नव्या प्लेस्टेशन व्हीआर टू वर तो चालत नाही, जुनाच हेडसेट लागतो, त्यामुळे नवा हेडसेट घेऊन मग दुकानात गेम शोधत बसू नका. मेटा कंपनीचा क्वेस्ट हेडसेट असेल तर ‘लकीज टेल’ बघा, कोल्ह्याचा आहे, सोपा आहे. क्वेस्टसाठी कंपनीनंच १० ते १२ वर्षांच्या मुलांना पालकांच्या देखरेखीतलं खातं ठेवलंय, तेच उघडून द्या, स्वतःचं खातं देऊ नका.

“मॉलमधल्या एका व्हीआर झोनमध्ये रोलर कोस्टर खेळलो अन् बाहेर येऊन कठड्याला धरून उभा राहिलो, तर्री पोहे खाल्ले होते ते वर येता येता राहिले. तेव्हापासून हेडसेटची धास्ती घेतली. या गेममध्येही तसंच होते का?”
– पोह्यांचा प्रेमी, धरमपेठ

बहुतेक होणार नाही, पण आधी पोहे पचू द्या.

गरगरतं ते असं. डोळे सांगतात आपण जोरात खाली चाललो, आणि कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग सांगतो आपण जागेवरच आहोत, या दोघांचं जमलं नाही की मळमळ सुरू होते. रोलर कोस्टर ही त्यातली सगळ्यात वाईट सुरुवात, आणि गर्दीच्या ठिकाणी नवख्या माणसाला नेमकं तेच दाखवतात कारण बाहेर उभे असलेले लोक ओरडणं ऐकून तिकीट काढतात.

ट्रोव्हरमध्ये धावतो तो ट्रोव्हर, तुम्ही जागेवरच. तो पुढच्या ठराविक जागेपर्यंत पोचला की तुमची खुर्ची तिथं एकदम उमटते, मधला प्रवास दिसतच नाही. खुर्ची वर-खाली करता येते तेवढीच काय ती हालचाल. गेममध्येही बसलेलेच अन् घरीही बसलेलेच, त्यामुळे डोळे आणि कान यांचं भांडण फारसं होत नाही. लोकांना वाटतं खुर्चीचा तो नुसता जोक आहे, पण व्हीआरमधली सगळ्यात मोठी अडचण त्या जोकनंच सोडवलीये, मला तर स्टुडिओची ही सगळ्यात हुशार गोष्ट वाटते. ‘मॉस’मध्येही, तो उंदराच्या पिल्लाचा गेम, हाच प्रकार, उंदीर धावतो आणि आपण वरून बघतो.

तरी काळजी घ्या. भिंगांमधलं अंतर डोळ्यांच्या बाहुल्यांमधल्या अंतराशी जुळवा, क्वेस्ट टू वर ५८, ६३ आणि ६८ मिलिमीटर अशा तीनच खुणा आहेत, आरशासमोर पट्टी धरून मोजा आणि जवळची लावा. दुसऱ्याच्या मापावर खेळून डोकं दुखलं की लोक गेमला नावं ठेवतात. आणि मानेवर गरम वाटलं, तोंडाला पाणी सुटलं की त्याच क्षणी हेडसेट काढा, “बस ही एक लेव्हल” म्हणून रेटू नका. रेटलं की ती मळमळ संध्याकाळपर्यंत सोबत राहते.

“मे महिन्यात कसं खेळायचं हो? दहा मिनिटांत काचा धुक्यानं भरतात, घाम डोळ्यांत जातो.”
– घामाघूम, नंदनवन

दुपारी खेळूच नका, ४५ डिग्रीत मशीनही तापते अन् तुम्हीही. कूलरसमोर बसत असाल तर झोत तोंडावर थेट घेऊ नका, त्याची ओलसर हवाच काचांवर बसते, साधा टेबल फॅन बाजूनं लावा. फॅनचा आणखी एक फायदा, वारा एकाच बाजूनं लागत राहिला की आपलं तोंड कुठल्या बाजूला आहे ते कळत राहतं, कपाटावर हात आपटत नाही. चेहऱ्याकडच्या स्पंजवर सिलिकॉनचं कव्हर लावा, ते धुता येतं. आणि एक गोष्ट अगदी कान देऊन ऐका, हेडसेट खिडकीत ठेवू नका. आपल्याकडचं ऊन भिंगातून आत गेलं की काही क्षणांत स्क्रीनवर जळका डाग पडतो अन् तो कायमचा राहतो.

“इंग्रजी समजतं पण हे लोक इतक्या स्पीडनं बोलतात की जोक संपल्यावर मला हसू येतं. माझ्यासाठी आहे का हा गेम?”
– एक बँक कर्मचारी, सदर

उशिरा हसलात तरी चालतं, गेम तुमच्यासाठी थांबतो. सबटायटल चालू करा आणि पहिले दोन-तीन सीन साध्या स्क्रीनवर खेळा, आवाज ओळखीचे झाले की मग हेडसेट लावा. पण अडखळत, शिव्या देत, विषयाला फाटे फोडत बोलण्याचा जो प्रकार आहे तोच मुळात आवडत नसेल तर सबटायटल काय करणार, मग ॲस्ट्रो बॉट.

“मी गेम डिझाइन शिकून राहिलो. नागपूरच्या विनोदावर असा गेम होऊ शकते का? घरचे म्हणतात आपल्याकडे काय आहे.”
– विद्यार्थी, महाल

महालात राहून हे विचारता? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी खिडकी उघडा. मारबत म्हणजे वाईटाचा बाईच्या रूपातला मोठा पुतळा, काळी मारबत १८८१पासून आणि पिवळी १८८५पासून निघते असं सांगतात, सोबत बडगे म्हणजे थट्टेचे पुतळे, त्यावर त्या वर्षीच्या महागाईपासून पुढाऱ्यांपर्यंत सगळ्यांची खिल्ली, आणि “घेऊन जा गे मारबत” म्हणून पूर्ण रस्ता ओरडत असतो. वर्षभराचा राग इतक्या मजेत काढणारी मिरवणूक तुमच्या दारावरून जाते, अन् घरचे म्हणतात आपल्याकडे काय आहे.

आता गेम म्हणून विचार करा. इतवारीतल्या एखाद्या घराच्या गॅलरीत तुम्ही बसलेले, उठायचं नाही, खाली मिरवणूक अडकलेली. एक छोटा बडग्या तुमच्या कंट्रोलरवर धावतो, गाड्यांवरून, पत्र्यांवरून, विजेच्या तारा चुकवत उड्या मारत मारबतीला वाट करून देतो, आणि शेजारच्या गॅलरीतले काका तुमच्या प्रत्येक चुकलेल्या उडीवर तोंडसुख घेत असतात. खेळणारा जागेवर राहिल्यामुळे गरगरणार नाही, आणि काका गप्प बसणार नाहीत त्यामुळे विनोदाला तोटा नाही. पळत सुटणाऱ्यासाठी उड्या जरा अवघड ठेवा, थांबणाऱ्यासाठी काकांना भरपूर बोलू द्या, ट्रोव्हरला जे जमलं नाही ते इथं जमवता येईल.

फक्त अख्खी मिरवणूक एकदम करायला जाऊ नका, तिथंच सगळे अडकतात. एक गल्ली घ्या, एक बडग्या, एक काका, तीन मिनिटांचा डेमो. काकांचा आवाज स्टुडिओत लिहून-वाचून रेकॉर्ड करू नका, गल्लीतल्याच एखाद्या बोलक्या माणसाला त्याची परवानगी घेऊन समोर बसवा, स्क्रीनवर गेम चालू द्या आणि त्याला सुचेल ते बोलू द्या. मग तो डेमो गेम कधीच न खेळलेल्या माणसाला द्या अन् तुम्ही स्वतः मागं गप्प उभे राहा, तो कुठं हसला अन् कुठं बटण दाबून पुढं पळाला ते वहीत लिहून काढा. जिथं पळाला तिथले काका कापा.