बासरीवर पोट भरेल का?

बारावीच्या निकालाआधीच्या दिवसांत सांगलीतील माझ्या समुपदेशन केंद्रात पालकांचा एकच प्रश्न निरनिराळ्या रूपांत येतो: कलेवर मुलाचे पोट भरेल का? हळदीची अडत असलेले एक गृहस्थ हाच प्रश्न घेऊन आले (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत), तेव्हा त्यांची मुलगी मांडीवरील वाद्याच्या पेटीवर बोटे फिरवीत गप्प बसली होती. तिला सिंफनी वाद्यवृंदात बासरी वाजवायची होती. बांबूची नव्हे, कळा असलेली धातूची पाश्चात्त्य बासरी.

उत्तम वाजवता आले की नोकरी मिळतेच, ही वडिलांची समजूत मला मोडावी लागली. मोठ्या वाद्यवृंदात व्हायोलिनवादक वीस-तीस असतात, बासरीवादक मात्र सहसा दोन ते चारच, आणि एकदा स्थिरावलेला वादक वर्षानुवर्षे जागा सोडत नाही. शिवाय आपल्याकडे व्यावसायिक सिंफनी वाद्यवृंद म्हणावा तो मुंबईच्या एनसीपीए या कलासंस्थेत २००६ साली स्थापन झालेला सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया. परदेशात जागा निघाली, तर अनेकदा पहिली फेरी पडद्याआडून ऐकली जाते आणि मोझार्टच्या बासरी-कंचेर्तोतील (बासरी आणि वाद्यवृंदासाठीच्या रचनेतील) काही ओळींतच उमेदवाराची पारख होते.

मुलीला हे सारे ठाऊक होते. एकटी बोलली तेव्हा ती म्हणाली, "बाबांनी पैसे घातले आणि मला जमलं नाही, तर घरी कोणत्या तोंडाने येऊ?" हा प्रश्न घरात सहसा उच्चारलाच जात नाही, मला तो पोटाच्या प्रश्नापेक्षा जड वाटतो.

पुढच्या बैठकीत मी वडिलांना विचारले, "हरिपूरच्या जमिनीखालच्या पेवात हळद भरताना पुढे भाव मिळेल याची खात्री असायची का?" ते हसले. "खात्री कसली, मॅडम? किती दिवस थांबायचं आणि किती तोटा सोसायचा, एवढं आधी ठरवायचं."

तेच आम्ही कागदावर मांडले. वाणिज्य शाखेची पदवी घेत तीन वर्षे रियाझ, त्या काळात लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या संगीत परीक्षेची आठवी ग्रेड, शिकवण्या आणि ध्वनिमुद्रणाची मिळतील ती कामे, खर्चाची ठरलेली मर्यादा. परदेशी शिक्षणाचा विचार त्यानंतर. ऑर्केस्ट्रात दुसऱ्या-तिसऱ्या बासरीवादकाला बऱ्याचदा पिकोलोही (लहान, उंच स्वरांची बासरी) वाजवावा लागतो, म्हणून तोही शिकावा, असे मी सुचवले. "जमलं नाही, तर घर तुझंच आहे" हे वाक्य मात्र वडिलांनी स्वतःच्या हाताने लिहिले.

गेल्या महिन्यात त्यांचा फोन आला. एवढ्याशा पिकोलोची किंमत इतकी कशी, असे ते विचारीत होते.