बोटीचा इंधनकाटा बरोबर आहे का आणि बोट ॲव्हरेज किती देते, हे स्वतः कसं तपासायचं?

काटा बरोबर नसतो, हे धरूनच चाला.

आमची बोट मी आणि दादा मिळून चालवायचो. १०० लिटरची टाकी, पेट्रोलचं आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून लावलेलं इंजिन. एकदा परत येताना काटा पाव टाकीवर होता आणि इंजिन दोनदा खोकून बंद पडलं. दादाने टाकीकडे बघितलंसुद्धा नाही. "फिल्टर साफ केला नसशील." मी तिथल्या तिथे फिल्टर उघडून दाखवला. स्वच्छ! तरी नांगर टाकून मदतीची वाट बघत बसलो ते दोन तास, आणि पुढची कित्येक वर्षं, चूक माझीच. कारण "काटा पाव दाखवतोय म्हणजे २५ लिटर आहेच."

कुठून असणार? बोटीचा तळ व्ही आकाराचा, त्यामुळे त्यात बसणारी टाकी बऱ्याचदा खाली निमुळती. काट्याला जोडलेला टाकीतला तरंगता फ्लोट उंची मोजतो, लिटर मोजत नाही. पुढच्या हंगामाआधी मी टाकी पूर्ण रिकामी केली, बोट सपाट उभी केली आणि मापाच्या कॅनने पाच-पाच लिटर ओतत गेलो. दर वेळी काटा लिहून घेतला, लाकडी पट्टी बुडवून तिच्यावर खूण केली. काटा पावावर आला तेव्हा टाकीत जेमतेम १० लिटर होते, अर्ध्यावर आला तेव्हा ३५. शिवाय इंजिनाला पेट्रोल ओढून देणारी शोषनळी तळाला टेकत नाही, म्हणजे शेवटचे काही लिटर नावालाच. त्यात बोट हेलकावली की उरलंसुरलं पेट्रोल नळीपासून लांब पळतं आणि इंजिन हवा ओढतं. झालं होतं ते एवढंच.

तुम्हीही हेच करा. पट्टी खरी, काटा शोभेचा. धावत्या बोटीत नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, वर उचललेली असताना तर काट्याकडे बघूच नका.

काटा हलतच नसेल तर सेंडरची, म्हणजे टाकीतल्या फ्लोटवरून काट्याला पातळी कळवणाऱ्या भागाची, वायर काढून बघा. २४० ते ३३ ओहमचा सेंडर असेल तर वायर सुटी असताना काटा रिकामी टाकी दाखवतो, वायर अर्थला (बॅटरीच्या ऋण बाजूला) लावली की भरलेली. तसं झालं तर काटा ठीक, सेंडर खराब. युरोपीय पद्धतीचे १० ते १८० ओहमचे सेंडर बरोबर उलटे चालतात. जोडी चुकली की भरलेली टाकी रिकामी दिसते.

ॲव्हरेजचं म्हणाल तर टाकी एका खुणेपर्यंत भरा, फिरून या, त्याच जागी बोट तशीच उभी करून त्याच खुणेपर्यंत पुन्हा भरा. ओतलेले लिटर भागिले जीपीएसवरचे सागरी मैल, म्हणजे मैलामागे किती लिटर ते कळतं. वेग मोजताना एकाच आरपीएमवर जाऊन-येऊन दोन्ही वेगांची सरासरी घ्या, नाहीतर प्रवाह फसवतो. अंदाजाला, फोर-स्ट्रोक पेट्रोल इंजिन पूर्ण थ्रॉटलला दर १०० एचपीमागे तासाला साधारण ३० ते ३८ लिटर पितं. इंजिनाकडे जाणारं पेट्रोल मोजणारा फ्लो मीटर चांगला, पण तोही आधी अशाच भरणीवर जुळवून घ्यावा लागतो.

"हळू चालवली की वाचतं" हे दादाचं दुसरं ब्रह्मवाक्य. अगदी हळू, नाळ खाली ठेवून, तर खरंच वाचतं. पण तो चालवायचा ते नाळ आभाळाकडे करून, ना धड तरंगत ना धड पाण्यावर घसरत. प्लेनिंग बोट (वेगात पाण्यावर घसरत जाणारी) मैलामागे सगळ्यात जास्त जाळते ती बहुधा तिथेच.

जाताना एक तृतीयांश, येताना एक तृतीयांश, उरलेलं राखीव. तेही पट्टीवरच्या वापरता येणाऱ्या लिटरांतून मोजा.

हो, हे आधी सांगायला हवं होतं: पेट्रोलची वाफ जड असते, तळाशी साचते. वायरीला हात लावण्याआधी कप्पा उघडून नीट हवा खेळू द्या, किल्ली बंद ठेवून जोडणी करा आणि मगच चालू करून काटा बघा. भरायची नळी वाकडी असेल तर पट्टी आत जाणार नाही, मग सेंडरच्या भोकातून मोजा. माझे आकडे माझ्या टाकीचे आहेत, तुमच्या टाकीचे वेगळे निघतील.

पट्टी अजून बोटीतच असते. दादाही हल्ली तीच बुडवतो, फक्त मी समोर नसताना.