आजोबांना न्यूमोनियासाठी दाखल केलंय, 'आराम' सांगितलाय. त्यांना चालवावं का, आणि किती?

चालवावं. आजपासून.

तुम्ही लिहिलंय की आजोबा ७८ वर्षांचे, घरी काठीशिवाय हिंडणारे, आज दाखल होऊन चौथा दिवस. ताप उतरलाय, बोलतात नीट. सलाइन आणि लघवीची नळी चालू आहे, आणि 'पडतील' म्हणून कठडे वर करून झोपवून ठेवलंय. यातलं शेवटचं वाक्य वाचूनच उत्तर लिहायला बसलो.

'आराम' हा शब्द पहिल्या दिवशी केसपेपरवर सवयीने लिहिला जातो आणि पुढे तो खोडायची जबाबदारी कुणाचीच नसते. डॉक्टरांना वाटतं सिस्टर उठवत असतील, सिस्टरना वाटतं डॉक्टरांनी परवानगी दिलेली नाही, नातेवाइकांना वाटतं दोघांना कळत असेलच. तोवर मांड्या वितळत असतात. २००७ साली एका अभ्यासात धडधाकट ज्येष्ठांना दहा दिवस अंथरुणावर ठेवलं होतं. पायांचे जवळजवळ एक किलो स्नायू गेले. आणि ते आजारी नव्हते! आजारपणात ताप, कमी जेवण आणि सूज मिळून हे आणखी वेगाने होतं. २००९ सालच्या दुसऱ्या एका अभ्यासात ६५ वर्षांपुढच्या दाखल रुग्णांच्या पायांना मापक लावले. दाखल होण्याआधी चालणारी ही माणसं ८३ टक्के वेळ आडवी होती, आणि उभं राहणं-चालणं धरून दिवसाला जेमतेम ४३ मिनिटं.

आता उठवायचं कसं. इथेच चुका होतात, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी नळ्या. ज्या बाजूने उतरायचं त्याच बाजूला सगळ्या आणून घ्या. लघवीची पिशवी आधी रिकामी करा; भरलेली पिशवी ओढली जाते, आणि ते दुखलं की माणूस दुसऱ्या दिवशी उठायला नकार देतो. पिशवी कायम ओटीपोटाच्या खाली हवी, पण जमिनीवर घासायला नको. सलाइन सतत चालू असायलाच हवं का, हे सिस्टरना विचारा. बहुतेकदा दोन औषधांच्या मधल्या वेळात सुई तशीच ठेवून नळी काढता येते. सलाइनचा स्टँड आधाराला धरू देऊ नका, चाकं असतात त्याला. चश्मा आणि कानाचं यंत्र लावा. पायात टाच बंद असलेली, न घसरणारी पादत्राणं हवीत. नुसते मोजे नकोत. पलंगाचे ब्रेक लावलेले आहेत ना, हात लावून बघा.

हात धरून सरळ ओढून बसवणं ही सगळ्यात मोठी चूक. त्यात खांदा दुखावतो आणि चक्कर येते. गुडघे वाकवा, कुशीवर वळवा, पाय कडेवरून खाली सोडा, आणि त्याच क्षणी त्यांना खालच्या कोपराने रेटा देऊन वर येऊ द्या. तुमचा हात खांद्यामागे फक्त सोबतीला. बसल्यावर लगेच उभं करू नका. दोन-तीन मिनिटं तसंच बसू द्या. तेवढ्यात घोटे वर-खाली पंधरा-वीस वेळा, मग एकेक गुडघा सरळ करणं दहा वेळा. यामुळे पायात साचलेलं रक्त वर चढतं. गप्पा मारत राहा. उत्तर रेंगाळलं, चेहरा पांढरा पडला, जांभया यायला लागल्या की परत आडवं करा आणि रक्तदाब मोजून घ्या. आडवं असतानाच्या आकड्यापेक्षा उभं राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा २० ने किंवा खालचा १० ने उतरत असेल, तर ते डॉक्टरांना सांगायलाच हवं. बरेचदा कारण एखादी रक्तदाबाची किंवा लघवी जास्त होण्याची गोळी असते, किंवा पाणी कमी पडलेलं असतं.

उभं राहताना बूड कडेला, पावलं गुडघ्यांच्या किंचित मागे, नाक पायाच्या बोटांच्या पुढे जाईल इतकं वाकणं, आणि दोन्ही तळहातांनी गादीवर दाब. वॉकरला धरून उठू दिलं तर वॉकरच अंगावर येतो. पलंग फार खाली असेल तर थोडा वर घ्या. वॉकरची उंची सरळ उभं राहून हात मोकळा सोडल्यावर मनगटाच्या रेषेपर्यंत हवी. जागच्या जागी दहा पावलं टाकून झाली, गुडघे टिकले, मगच पुढे. तुम्ही अशक्त बाजूला, अर्धं पाऊल मागे, एक हात कमरेच्या पट्ट्यावर. वाटेत एक खुर्ची ठेवा. गुडघे गेलेच तर उचलून धरायच्या नादाला लागू नका. तुमच्या मांडीवरून घसरत हळूच खाली बसवा.

किती? आज तिन्ही वेळचं जेवण खुर्चीत, प्रत्येक वेळी अर्धा-पाऊण तास. (खुर्चीतही सलग दोन तासांवर नको, माकडहाडावर जखम होते.) संडासला चालत. उद्यापासून दिवसातून तीन-चार फेऱ्या. परत यायचंय हे लक्षात ठेवून अंतर ठरवा. बोलताना वाक्य तुटायला लागलं की थांबा. शिवाय खुर्चीतून पाच वेळा उठणं-बसणं, दिवसातून दोनदा. स्पेनमधल्या पाम्प्लोना इथे २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत पंचाहत्तरीपुढच्या ३७० रुग्णांपैकी अर्ध्यांना रोज दोन वेळा वीस-वीस मिनिटांचा व्यायाम दिला. घरी जाताना ते आधीपेक्षा थोडे जास्त स्वावलंबी होते, नेहमीचीच शुश्रूषा मिळालेले मात्र खालावलेले. पावलं मोजणार असाल तर दिवसाला ९०० च्या खाली जाऊ देऊ नका.

आता ती लघवीची नळी. यावर वाद घालून माझा घसा बसलाय, तरी सांगतो: ती बेडीच आहे. लघवी तुंबणं, अत्यवस्थ रुग्णात तासातासाचं माप घेणं, काही शस्त्रक्रिया, माकडहाडाजवळची जखम भिजत राहणं, अशी मोजकी कारणं तिला असतात. 'सोयीचं पडतं' हे कारण नाही. नळी असेपर्यंत उठायची गरजच पडत नाही, संसर्गाचा धोका वाढतो, आणि गोंधळलेला माणूस ती ओढून रक्त काढतो. काढल्यावर दिवसा दर दोन तासांनी संडासला न्या, आणि लघवी होते ना, यावर लक्ष ठेवा.

कठड्यांचंही तेच. ज्याला जायचंच आहे तो कठड्यावरून चढून जातो आणि जास्त उंचीवरून पडतो. पण रुग्ण पडला की अहवाल लिहावा लागतो, जबाब द्यावा लागतो. चालत आलेला माणूस व्हीलचेअरवरून घरी गेला, तर त्याची नोंद कुठल्याच वहीत होत नाही. सगळा प्रकार या हिशेबातून चालतो. सिस्टरना दोष देत नाही. एका पाळीत त्यांच्याकडे किती रुग्ण असतात ते बघा.

हे आधी लिहायला हवं होतं: छातीत दुखणं, बसल्या जागी धाप, वरचा रक्तदाब ९० च्या खाली, डॉक्टरांनी ठरवलेल्या पातळीखाली ऑक्सिजन, नाडी अचानक अनियमित, रक्तस्राव चालू, न बसवलेलं हाड, यांपैकी काहीही असेल तर थांबा आणि विचारा. पक्षाघाताच्या पहिल्या २४ तासांत तर घाई नकोच. २०१५ च्या एका मोठ्या चाचणीत लवकर आणि जोरात उठवलेल्यांचे निकाल उलट वाईट आले. झोपेची गोळी घेतलेल्या रात्रीनंतर सकाळची पहिली फेरी उशिराने घ्या. ऑक्सिजनवर असतील तर छोटा सिलिंडर सोबत, आणि त्यात किती उरलाय ते निघण्याआधी बघा.

उद्या राउंडला दोनच प्रश्न विचारा: 'नळी आज काढता येईल का?' आणि 'केसपेपरवर चालण्याची परवानगी लिहून द्याल का?' दुसऱ्याचं उत्तर तोंडी घेऊ नका. रात्रपाळीला येणाऱ्या सिस्टर केसपेपरच वाचणार.