मित्राकडून घेतलेला मोबाईल चोरीचा निघाला

प्रश्न : मी २४ वर्षांचा आहे. चाकणला एका कंपनीत काम करतो आणि पोलीस भरतीची तयारी करतो. आठ महिन्यांपूर्वी खोलीवर सोबत राहणाऱ्या मित्राकडून ९ हजारांना मोबाईल घेतला. पैसे यूपीआयने दिले. ‘मावसभावाचा आहे, बिल हरवलंय’ असं तो म्हणाला होता. तसाच जुना मोबाईल दुकानात १८ हजारांच्या आसपास होता. परवा दुसऱ्या जिल्ह्यातल्या पोलीस ठाण्यातून फोन आला, ‘मोबाईल चोरीचा आहे, आणून जमा करा.’ मित्र म्हणतो, ‘फॉरमॅट मारून मला परत दे, मी बघतो.’ वडील म्हणतात, नदीत टाकून दे. माझ्यावर गुन्हा दाखल होईल का? भरतीचं काय?

उत्तर : आधी हे करा. मोबाईल मित्राला देऊ नका, नदीत टाकू नका, फॉरमॅटही मारू नका. सिम काढा, मोबाईल बंद करा आणि आहे तसा ठेवा. वडील काळजीपोटी बोलले, पण त्यांचं ऐकलंत तर आज जे तुमच्या बाजूचं आहे तेच तुमच्याविरुद्ध जाईल.

चोरीचा माल घेणाऱ्यासाठी भारतीय न्याय संहितेचं कलम ३१७(२) आहे, पूर्वीच्या भारतीय दंड संहितेतलं ४११. शिक्षा ३ वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. मात्र चोरीची वस्तू हातात सापडली एवढ्याने तो सिद्ध होत नाही. वस्तू चोरीची आहे हे तुम्हाला माहीत होतं, किंवा तसं वाटायला पुरेसं कारण होतं, आणि तरीही तुम्ही ती अप्रामाणिकपणे घेतलीत, हे सरकार पक्षाला दाखवावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाने त्र्यंबक विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या खटल्यातही आरोपीला ही जाणीव होती हे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकार पक्षावरच ठेवली आहे.

आता कलमातला एक शब्द नीट वाचा. ‘घेणे’ याच्याबरोबर तिथे ‘ठेवून घेणे’ हेही आहे. आठ महिन्यांपूर्वी तुम्हाला खरोखर काही माहीत नसेल, पण परवाच्या फोनपासून माहीत आहे. इथून पुढे मोबाईल वापरलात, लपवलात किंवा मित्राच्या हवाली केलात, तर ‘मला ठाऊक नव्हतं’ हे वाक्य तुमच्याकडे उरत नाही. चोरीचा माल लपवायला किंवा त्याची विल्हेवाट लावायला मदत करणं हा ३१७(५) खाली वेगळा गुन्हा आहे. ‘आयएमईआय (मोबाईलचा ओळख क्रमांक) बदलून देतो’ असं कोणी सुचवलं तर तिथून निघून या. दूरसंचार कायदा २०२३ नुसार त्याला ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे.

तुमची कमकुवत बाजूही सांगतो, कारण तपास अधिकारी नेमकं तिथेच बोट ठेवतील. निम्मी किंमत, बिल नाही. बॉक्स मिळाला होता का, तेही विचारतील. चोरी कधी झाली तेही विचारून घ्या. चोरीनंतर थोड्याच दिवसांत वस्तू ज्याच्याकडे सापडते आणि ज्याला ती कशी आली हे सांगता येत नाही, त्याच्याविरुद्ध न्यायालय अनुमान काढू शकतं (साक्ष अधिनियम, कलम ११९). तुम्हाला मात्र सांगता येतं. यूपीआयची नोंद, बँकेचा उतारा, मित्राशी झालेलं चॅटिंग हाच तुमचा खुलासा. त्यातलं अक्षरही पुसू नका, तुम्हाला अडचणीचं वाटलं तरी. चोरीचा माल विकत घेणारे सहसा स्वतःच्या खात्यातून पैसे पाठवत नाहीत, हा मुद्दा तुमच्या वकिलाने ठासून मांडावा.

आलेला फोन खरा आहे का, तेही बघा. त्या ठाण्याचा क्रमांक स्वतः शोधून तिथे फोन लावा. कोणी ‘मिटवायला’ पैसे मागितले तर देऊ नका. फोन खरा असेल तर शक्यतो वकिलाला सोबत घेऊन स्वतः जा. मोबाईल जमा करताना आयएमईआय लिहिलेला जप्ती पंचनामा किंवा पोच घ्या. काही ठाणी कुरिअरने पाठवायला सांगतात. तसं असेल तर लेखी निरोप मागा आणि कुरिअरची पावती जपून ठेवा. जबाबात खरं आणि तेवढंच सांगा : कधी, कोणाकडून, कितीला. मित्राला वाचवण्यासाठी ‘सापडला’ म्हणू नका. पोलिसांना दिलेल्या जबाबावर सही करावी लागत नाही.

तुमचं सहकार्य असेल तर अशा प्रकरणात तुम्हाला साक्षीदार करण्याची शक्यता बरीच आहे, पण मी हमी देत नाही. आरोपी केलं तरी ७ वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात अटक आपोआप होत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या) कलम ३५(३) ची नोटीस देऊन चौकशीला बोलावता येतं. नोटीस आली तर न चुकता हजर राहा. अटकेची खरी भीती वाटली तर कलम ४८२ खाली अटकपूर्व जामिनाचा अर्ज करता येतो. शिवाय हा गुन्हा वस्तूच्या मूळ मालकाच्या संमतीने तडजोडीने मिटू शकतो.

भरतीचं विचारलंत. साक्षीदार असणं म्हणजे आरोपी असणं नव्हे. पण तुमच्यावर गुन्हा नोंदला गेला आणि साक्षांकन नमुन्यात (चारित्र्य पडताळणीसाठी भरून द्यायच्या अर्जात) त्याविषयी विचारलं असेल, तर तो लिहाच. अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार (२०१६) या निकालानंतर लपवाछपवीकडे नियुक्ती अधिकारी फार गांभीर्याने बघतात. उघड केलेल्या किरकोळ प्रकरणाचा निदान विचार तरी होतो. चांगली तयारी असलेली मुलं या एका रकान्यापायी बाहेर पडतात, म्हणून कळकळीने सांगतो.

मोबाईल तुम्हाला परत मिळणार नाही. विकणाऱ्याचीच मालकी नव्हती, तर तुम्हाला ती मिळणार कुठून. ९ हजार मात्र मित्राकडून मागता येतात. वकिलामार्फत नोटीस पाठवा, आणि त्याने जाणूनबुजून फसवल्याचं दिसलं तर फसवणुकीची तक्रारही करता येईल. फक्त मोबाईल जमा होऊन पोच हातात येईपर्यंत त्याच्याशी या विषयावर बोलू नका.